हत्तीगोटा, महार पलटण आणि ‘अजून वेळ आलेली नाही’

२१ मे २००९. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, हत्तीगोट्याच्या जंगलात नक्षलवाद्यांनी पोलिसांवर दबा धरून हल्ला केला. १६ पोलीस मारले गेले. त्यांत पाच महिला शिपाई होत्या.

ते वर्षच गडचिरोलीच्या पोलिसांना वाईट गेले. १ फेब्रुवारीला याच धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले होते. पुढे ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ गेले. तीन घटनांत ४८ माणसे. पण हत्तीगोट्याचा विषय निघाला की बोलणारा हमखास एका वाक्यापाशी येऊन थांबतो : “बायकांना कशाला पाठवायचं तिथं?”

हे वाक्य आम्ही धानोऱ्यात चहाच्या टपरीवर ऐकले. एसटीत शेजारी बसलेल्या शिक्षकाकडून ऐकले. आणि बुद्धवंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर बसलेल्या, चळवळीत केस पांढरे केलेल्या एका काकांच्या तोंडूनही ऐकले. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला खरोखर हळहळ वाटत असते. पण ही हळहळ जरा उलटून पाहा. त्या दिवशी ११ पुरुषही गेले. त्यांना कशाला पाठवले, असे कुणी विचारत नाही. पुरुष मेला तर तो कर्तव्य करताना मेला; बाई मेली तर तिला पाठवणाऱ्याची चूक झाली. म्हणजे तिच्या मरणातूनही तिचे कर्तव्य काढून घेतले. ती पोलीस म्हणून गेली नव्हती, चुकून तिथे पोचली होती, असा त्या वाक्याचा अर्थ होतो.

आम्हाला या लेखात त्या हळहळीचा इतिहास तपासायचा आहे. कारण ही हळहळ आपल्याला, म्हणजे आंबेडकरी समाजाला, फार जुन्या ओळखीची असायला हवी.

आधी या जिल्ह्याची गोष्ट. पोलिसात बाई असावी ही मागणी मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित महिला मंडळांनी केली असा एक समज आहे. त्या मागणीमागचा सर्वांत मोठा धक्का मात्र याच मातीतून बसला होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्यामुळे कागदोपत्री ही चंद्रपूर जिल्ह्यातली घटना. कायद्याची पुस्तके तिला मथुरा प्रकरण म्हणतात. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती! रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर, एका भूमिहीन आदिवासी मुलीने आरडाओरडा कुणाला ऐकवण्यासाठी करायचा होता, हे न्यायमूर्तींनी सांगितले नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे बाईने सांगितले, तर तसेच गृहीत धरले जाईल असे ठरले.

याच वाटेवर पुढे बाईची झडती बाईनेच घ्यावी, सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी हवी, लैंगिक गुन्ह्याची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवावी, अशा तरतुदी होत गेल्या किंवा जुन्या तरतुदींना धार आली. हे सारे योग्यच आहे. पण यातून सरकारच्या डोक्यात महिला पोलिसाची एक प्रतिमा पक्की बसली : बायकांसाठी लागणारी बाई. मोर्चातल्या बायका आवरायला, आरोपी बाईची झडती घ्यायला, पीडितेचा जबाब लिहायला. उरलेल्या वेळात वायरलेस, टेबल, नाहीतर मंत्र्यांचा बंदोबस्त. पोलीस म्हणून जी कामे मोठी मानली जातात, तपास, ठाण्याचा कारभार, मोहिमेचे नेतृत्व, ती पुरुषांची. गावात सार्वजनिक विहीर सगळ्यांची म्हणायची आणि पाणवठा मात्र वेगळा ठेवायचा, त्यातलाच हा प्रकार.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणले आणि सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के जागा ठेवल्या. धानोरा, कुरखेडा, एटापल्लीसारख्या तालुक्यांत, जिथे कारखाना नाही आणि शेती एका पावसावर, तिथल्या मुलींसाठी याचा अर्थ फार मोठा होता. पोलीस शिपायाची भरती जिल्हावार होते. बारावी झालेल्या मुलीपुढे मोह वेचणे, तेंदूपत्ता तोडणे, नाहीतर लग्न, यापलीकडचा, दरमहा पगार देणारा हा पहिला दरवाजा. त्या दरवाजातून मुली आत आल्या. पण कुठवर आल्या? देशभरात पोलीस दलांमध्ये बायका १२ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि अधिकारी पदांवर त्याहूनही कमी, ८ टक्क्यांच्या घरात. केंद्र सरकार राज्यांना ३३ टक्क्यांचे लक्ष्य सांगत आले आहे. महाराष्ट्राला पहिल्या महिला पोलीस महासंचालक मिळाल्या त्या जानेवारी २०२४ मध्ये, रश्मी शुक्ला. किरण बेदी भारतीय पोलीस सेवेत आल्यानंतर ५२ वर्षांनी.

उतरंड कशी चालते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खालच्या पायरीवर जागा द्यायची आणि तेवढ्यावरच उपकाराची पावती फाडायची. सफाई खात्यात आपली माणसे भरपूर आणि सचिवालयात शोधावी लागतात. पोलिसात शिपाई मुली वाढत्या आणि हुकूम देणाऱ्या बायका शोधाव्या लागतात.

आता धानोऱ्यातून दिल्लीला जाऊ. हत्तीगोट्यानंतर दहा महिन्यांनी, १२ मार्च २०१० रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की शॉर्ट सर्व्हिसवर लष्करात आलेल्या महिला अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणे कायम कमिशन द्या. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती नव्हती, तरी लष्कराने तो अमलात आणला नाही. दहा वर्षे अशीच गेली. मधल्या काळात दिल्लीतले सरकार बदलले, युक्तिवाद बदलला नाही. दोन्हीकडच्या भक्तांनी हे लक्षात ठेवावे.

युक्तिवाद काय होता? बायकांची शरीररचना वेगळी. बाळंतपण, मुलांचे संगोपन, नवऱ्याची बदली. शत्रूच्या हाती सापडल्या तर काय. आणि मग तो मुद्दा, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो : आपले जवान बहुतांशी ग्रामीण भागातून आलेले पुरुष आहेत, समाजातल्या रूढी पाहता बाई अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची त्यांची मानसिक तयारी अजून झालेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी हा युक्तिवाद फेटाळला आणि बबिता पुनिया व इतर महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या वेळी लष्करात महिला अधिकारी होत्या १,६५३, एकूण अधिकाऱ्यांच्या जेमतेम ४ टक्के.

वाचक हो, “खालचे लोक हुकूम मानणार नाहीत” हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचले? आम्ही ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या इतिहासात वाचले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतली नावे तिथल्या स्तंभावर आहेत. कुणी सुभेदार झाले, कुणी सुभेदार-मेजर. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत होते, आजोबा मालोजी होते, आईकडचे मुरबाडकरही फौजेतच होते. बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, आणि त्यात मुलीही होत्या. म्हणजे गावकुसाबाहेरच्या घरातली बाई अक्षर गिरवू लागली ती छावणीत, हे आपण विसरतो.

१८५७ नंतर हवा बदलली. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्ससाहेबाने ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ अशी वाटणी पक्की केली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. कोरेगाव जिंकताना जे लढाऊ होते ते पाऊणशे वर्षांत एकाएकी बिनलढाऊ कसे झाले? ते झाले नव्हतेच. अडचण वेगळी होती. फौजेत सवर्णांची संख्या वाढली, आणि अस्पृश्य सुभेदाराला सवर्ण शिपाई सलाम कसा करील, त्याचा हुकूम कसा ऐकेल, हा प्रश्न गोऱ्या साहेबाला पडला. उत्तर त्याने सोपे काढले. सलाम न करणाऱ्याला शिस्त लावण्याऐवजी ज्याला सलाम करायचा त्यालाच काढून टाकले.

दापोलीला राहणाऱ्या निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोचवला. सरकार ढिम्म. मग पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरो वैद्य मरो. १९२१ मध्ये ती मोडली. दुसरे महायुद्ध आले. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले, त्यांनी पाठपुरावा केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

आता याच वर्षांत बायकांचे काय चालले होते ते पाहा. १९४२ मध्ये इंग्रज सरकारने महिलांचे सहायक दल काढले. कचेऱ्या, टेलिफोन, भांडार, मोटारी अशा कामांवर हजारो बायका घेतल्या. युद्ध संपले, दल मोडले. पुढे १९५० चा लष्कर कायदा आला. त्याच्या कलम १२ ने सांगितले, केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा ठरवील तेवढ्याच शाखांत बाईला प्रवेश. बाकी दरवाजा बंद. संविधानाचा अनुच्छेद १५ आणि १६ लिंगावरून भेदभाव करू नका म्हणतो. अनुच्छेद ३३ सैन्य व पोलिसांसारख्या दलांपुरते मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा संसदेला देतो. त्या मुभेची खिडकी इतकी रुंद उघडली की अधिकारी म्हणून बायका आत यायला ३० जानेवारी १९९२ ची अधिसूचना यावी लागली. परिचारिका आणि डॉक्टर मात्र त्याआधीपासून चालत होत्या. जखमा बांधायला बाईचा हात चालतो.

त्या परिचारिकांचीही कथा ऐका. सैनिकी परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईला १९८८ मध्ये नोकरीवरून मोकळे केले. गुन्हा काय? लग्न केले. तसा नियमच होता. पुरुष अधिकाऱ्याला लग्न झाले की क्वार्टर मिळत होते. त्या बाईला न्याय मिळाला १४ फेब्रुवारी २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. ३६ वर्षे. न्यायालयाने तारीख तरी बरी निवडली.

बाळंतपणाचा मुद्दा काढणाऱ्यांना आम्ही १९२८ ची आठवण देतो. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की आईला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. गिरणीमालक तेव्हा खर्चाचे रडगाणे गात होते. ९२ वर्षांनी देशाचे संरक्षण खाते त्याच सुरात गाऊ लागले, फक्त खर्चाऐवजी युनिटच्या कार्यक्षमतेचे नाव घेऊन. बाळंतपण हा बाईचा खासगी दोष आहे, असे धरून चालणारी माणसे स्वतः कुठून आली?

२०२० चा निकाल लागला म्हणून सगळे संपले, असेही झाले नाही. लष्कराने कायम कमिशनसाठी तंदुरुस्तीची अट घातली. वरवर पाहता सगळ्यांना एकच अट. पण पुरुष अधिकाऱ्याची ही तपासणी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात झालेली. आणि ज्या बायकांना तेव्हा हक्कच नव्हता त्यांना ती पंचेचाळिशी-पन्नाशीत द्यायला लावली. त्यांचे गोपनीय अहवालही कामचलाऊ लिहिलेले, कारण यांना पुढे बढती नाहीच तर कष्ट घेऊन लिहायचे कशाला, असे वरिष्ठांनी धरले होते. २५ मार्च २०२१ रोजी, लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्यात, न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. सरकारी नोकरीतल्या आपल्या वाचकांना गोपनीय अहवालाची गोष्ट वेगळी समजवायला नको. “सरासरी” हा एक शब्द लिहून माणसाची दहा वर्षे कशी खाता येतात, हे आपल्या समाजातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे.

आणि ‘मेरिट’? आरक्षणाचा विषय निघाला की ज्यांना गुणवत्तेचा पुळका येतो त्यांनी दोन निकाल वाचावेत. पहिला १८ डिसेंबर २०२० चा, उत्तर प्रदेशातल्या पोलीस शिपाई भरतीचा, सौरव यादव प्रकरण. खुल्या गटातल्या महिलांच्या जागांवर निवडलेल्या मुलींपेक्षा एका ओबीसी मुलीला जास्त गुण होते. पण ती ओबीसी आहे, म्हणून खुल्या महिला जागेवर तिचा विचार होणार नाही, असे सरकार म्हणत होते. न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने ते मोडून काढले : खुली जागा म्हणजे सर्वांना खुली, ती कुणा जातीची राखीव जागा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने आधीच अशी भूमिका घेतली होती, तीच इथे मान्य झाली. दुसरा निकाल ११ ऑगस्ट २०२५ चा, लष्कराच्या कायदा शाखेतला. सहा जागा पुरुषांना, तीन बायकांना. निवड झालेल्या पुरुषापेक्षा जास्त गुण मिळवूनही अर्शनूर कौर बाहेर. न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. पहिल्या प्रकरणात सवर्ण बाईसाठी ओबीसी बाईला अडवले, दुसऱ्यात पुरुषासाठी बाईला अडवले. दोन्हीकडे गुणवत्ता दाराबाहेर उभी होती आणि आरक्षणाला शिव्या देणाऱ्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

यातला पहिला निकाल आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘महिला’ म्हटले की सगळ्या बायका एका रांगेत उभ्या असतात, असे नाही. धानोऱ्याची गोंड मुलगी, नागपूरच्या वस्तीतली बौद्ध मुलगी आणि पुण्याच्या कर्नलची मुलगी यांना अडवणारे दरवाजे वेगळे आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुली गेल्या, ३० मे २०२५ रोजी १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, आम्हालाही आनंद झाला. पण मुलींसाठी इतक्या मोजक्या जागा असताना त्या जागांपर्यंत धानोऱ्याच्या आश्रमशाळेतली मुलगी पोचेल, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगावे. तिच्यासाठी आज खुला आहे तो पोलीस शिपायाचा दरवाजा, आणि तो थेट जंगलात उघडतो.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्यांनी बंदुकीच्या नोकरीत समान वाटा का मागावा? त्यातही गडचिरोलीत? दलमांतही मुली होत्याच. चकमकीत मेलेल्यांच्या आणि शरण आलेल्यांच्या याद्यांमध्ये बायकांची नावे सतत दिसतात. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आलेल्या ताराक्का तीन दशकांहून जास्त काळ तिकडे होत्या. म्हणजे एका गावची मुलगी खाकीत आणि शेजारच्या गावची हिरव्या गणवेशात, दोघींच्या हातात बंदूक, आणि दोघींना हुकूम देणारे बहुतेक पुरुष. तिकडच्या वरच्या समित्यांतही बायका बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. आम्हाला तो मार्ग मान्य नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेबद्दल जे सांगितले ते आम्ही प्रमाण मानतो. पण बाईला लढता येत नाही, हा दावा निदान धानोरा तालुक्यात करू नये. इथे दोन्ही बाजूंनी त्याचा पुरावा दिला आहे आणि तो फार महाग पडला आहे.

बाबासाहेबांना १९४१ मध्ये हा प्रश्न पडला नसेल का? सरकार परके, युद्ध परके. तरी त्यांनी पलटण मागितली. मरायला माणसे पुरवावीत म्हणून ती मागितली नव्हती. फौज म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, शाळा, अंगावर गणवेश आणि खांद्यावर हुद्दा. ज्याची सावली पडू देत नाहीत त्याच्या हाती हुकूम. मनुस्मृतीने बाईला तीन पहारेकरी नेमून दिले, आधी बाप, मग नवरा, मग मुलगा. तिने स्वतः पहारा द्यावा ही कल्पनाच त्या चौकटीत बसत नाही. ती चौकट २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. आणि तरीही “बायकांना कशाला पाठवायचं” म्हणताना आपण त्याच चौकटीतून बोलत असतो.

खरे पाहता धोक्याच्या बाबतीत बाईशी भेदभाव झालेलाच नाही. हत्तीगोट्यात गोळीने बाई-पुरुष पाहिले नाही. भेदभाव आहे तो हुकुमाच्या बाबतीत. गस्त कुठल्या वाटेने न्यायची, किती माणसे न्यायची, कधी परतायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्या पाच जणींसारखी एखादी बाई बसते का? १९१७ च्या महार शिपायालाही मरण्याची पूर्ण मुभा होती.

आपल्या घराकडेही बघू. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. तिला जोडून सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली, आणि समता सैनिक दलाचीही परिषद झाली. बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वावर बंदी मागितली, गिरणीत बायकांवर देखरेखीला बायकाच नेमा म्हणून मागणी केली. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आज्या हुकुमाच्या जागेवर बोट ठेवत होत्या. त्या आठवड्यातले आपल्याला काय आठवते? सैनिक दल आठवते, त्याचा गणवेश आठवतो. १ जानेवारीला कोरेगावला मानवंदना देताना पुढच्या रांगेत कोण असतात आणि लेकरे कडेवर घेऊन मागे कोण असतात, हे पुढच्या वेळी नीट पाहा. शिवाय, इन्फन्ट्री आजही बायकांना बंद आहे. जी महार रेजिमेंट बाबासाहेबांनी झगडून मिळवली, तिच्यात आपला मुलगा जवान होऊ शकतो, आपली मुलगी होऊ शकत नाही. याविरुद्ध आपल्या किती संघटनांनी निवेदन दिले? आम्हीही दिलेले नाही. शिवराम जानबांनी १९१० मध्ये दिले होते.

कुणी म्हणेल, हे फार मोठे प्रश्न झाले, आधी रोजचे सुटू द्या. रोजचे प्रश्नही ऐका. बारा-बारा तासांच्या बंदोबस्तात बाईला लघवीला जायला जागा नसते म्हणून ती पाणी पीत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये पोलीस महासंचालकांनी महिलांना आठ तासांची ड्युटी द्यायचे प्रायोगिक आदेश काढले. नागपूर शहर, अमरावती शहर, पुणे ग्रामीण अशी सुरुवात झाली. चांगले पाऊल. पण ‘प्रायोगिक’ हा शब्द वाचून आम्हाला हसू आले. माणसाने आठ तास काम करावे हे १९४२ नंतर मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कारखान्यांसाठी मार्गी लावले. पोलिसात त्याचा २०२१ मध्येही प्रयोगच चालू होता. आणि ही सोय बाईला घर सांभाळता यावे म्हणून दिली जाते, तेव्हा तिच्या पुरुष सहकाऱ्याला घर नाही का, हाही प्रश्न पडतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही धानोऱ्याला मुक्कामाला होतो. पहाटे फटफटायच्या आधी मुरूमगावच्या रस्त्यावर पावले वाजू लागली. भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी. पोलीस शिपाई भरतीत मुलांना सोळाशे मीटर पळावे लागते, मुलींना आठशे. आठशेच्या खुणेपाशी मुली थांबत, कमरेवर हात ठेवून दम घेत. एक मात्र थांबली नाही. मुलांच्या घोळक्यात पुढे गेली, सोळाशे पुरे करून परत आली. चप्पल झाडाखाली ठेवलेली, ती पायात घालत होती. आम्ही विचारले, तुला तर आठशेच लागतात ना?

“हो जी,” ती म्हणाली. “मार्क आठशेचेच भेटतात. पण जंगलात कोणी खूण करून ठेवत नाही न.”